खोट्या कुस्तीचा खरा निकाल

धंदेवाईक फ्रीस्टाइल कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या सौभाग्यवतींना मात्र यात भलताच अन्याय दिसला. "अहो, मग लोक तिकीट काढून जातात कशाला?" मी म्हटलं, "अगं, कीर्तनात सीतास्वयंवर तू शंभरदा ऐकलंस. ते काय रावण धनुष्य उचलेल या धास्तीने?"

पण खरी गंमत पुढेच आहे. या लुटुपुटीच्या कुस्तीची नक्कल जपान्यांनी टीव्हीला जोडायच्या खेळात केली आणि ती चक्क खरी झाली! बटणे दाबणाऱ्या दोघांपैकी कोण जिंकणार, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही.

१९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर 'प्रो रेसलिंग' आला. त्याचा प्रोग्रॅमर मासातो मासुदा. त्यात चेहऱ्यावर चांदणी मिरवणारा स्टारमन होता, आणि चावे घेणारा अ‍ॅमेझॉन नावाचा अर्धवट जलचरही होता. परदेशी आवृत्तीत जिंकल्यावर पडद्यावर अक्षरे यायची, 'अ विनर इज यू'. म्हणजे प्रतिस्पर्ध्याआधी इंग्रजी चितपट!

याच मासुदाने १९८९ साली ह्यूमन कंपनीतर्फे पीसी इंजिन यंत्रासाठी 'फायर प्रो रेसलिंग' काढला. इथे बटणे बडवून काही हाती लागत नाही. दोघे पैलवान एकमेकांना भिडले की नेमक्या क्षणी बटण दाबायचे. आणि सुरुवातीलाच मोठा डाव टाकायला गेलात तर तुम्हीच उताणे! आधी बारीकसारीक डाव, मग मधले, समोरचा थकला की हुकमी. लग्नाची बोलणीसुद्धा अशीच चालतात.

यातले पैलवान ओळखीचे वाटत, पण नावे भलतीच. परवाने नव्हते ना! सिनेमाच्या सुरुवातीला 'पात्रे काल्पनिक आहेत' म्हणतात, त्यातलाच प्रकार. न्यू जपान प्रो-रेसलिंगचे मल्ल अधिकृतपणे आपापल्या नावांनिशी अवतरले ते २०१८ साली, 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड'मध्ये.

१९९४ सालच्या 'सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल'ची कथा गोइची सुदाने लिहिली. नायक मोरिओ सुमिसु जवळची माणसे गमावत जगज्जेता होतो आणि थोड्याच दिवसांत रिकाम्या घरात आपले आयुष्य संपवतो. बिचाऱ्या पोरांनी रात्री जागून त्याला जिंकवले होते! पट्टा कमरेला आला, पण दाखवायला घरात कोणी उरले नाही. विजयाचे एवढे कडू वर्णन मी मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच वाचले आहे.

पुढच्या आवृत्त्यांनी तर कमालच केली. कुस्ती संपली की ती किती रंगली याचे टक्के मिळू लागले. दोन मिनिटांत समोरच्याला लोळवणारा जिंकतो, पण टक्क्यांत नापास होतो! भरपूर टक्के हवेत, तर समोरच्यालाही चार डाव टाकू द्यावे लागतात, आपणही आपटून घ्यावे लागते. काही हौशी तर आपल्या पैलवानाचा स्वभाव आकड्यांत भरून ठेवतात आणि दोन्ही बाजू यंत्रावर सोपवून नुसते बघत बसतात.

म्हणजे निकाल खरा करून दिला, तरी माणसाला अखेर हवी असते ती रंगलेली कुस्ती! आखाड्यात ठरवून हरणाऱ्या पैलवानाला हे आधीच कळलेले असते. त्याचा पराभव खोटा असेल. पण पाठ रोज खऱ्या फळ्यांवर आपटते, आणि दुसऱ्याला मोठे दिसू देण्याची त्याची कला तर अस्सल असते. टाळ्या वाजवताना निम्म्या त्याच्यासाठी ठेवाव्यात.