शालेय मानसिक आरोग्यसेवा आणि शिक्षकांची क्षमता-निर्मिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शालेय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार अलीकडचाच आहे, असा समज शिक्षणक्षेत्रात रूढ आहे. वस्तुतः भारतात या विचारास आठ दशकांहून अधिक काळाची परंपरा आहे. ही सेवा कोणी द्यावी व त्यासाठी कोणाला सक्षम करावे, या प्रश्नाच्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चिकित्सालयाकडून शाळेकडे :
१९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली व १९३७ साली तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. येथे मुलाला तज्ज्ञाकडे आणले जाई. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तज्ज्ञालाच शाळेत नेण्याचा विचार मांडला. मार्गदर्शन व समुपदेशन हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असून त्याचा हेतू केवळ व्यवसायनिवडीपुरता नाही, असे आयोगाचे मत होते. प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रशिक्षित समुपदेशक हे अंतिम ध्येय ठेवून, तूर्त दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक व सोप्या कामांत शिक्षकांचे साहाय्य, असा किमान कार्यक्रम आयोगाने सुचविला.

बंगळूरचा प्रयोग :
१९७४ साली बंगळूर येथे 'निमहान्स' ही संस्था आकारास आली. तेथील मानसशास्त्रज्ञ डॉ. मालविका कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांच्या उद्बोधनाचे काम केले. या कार्यात शिक्षकाने रोगनिदान करणे अपेक्षित नाही. मुलाची अडचण ओळखणे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे व गरज भासल्यास तज्ज्ञाकडे पाठविणे, एवढी त्याची मर्यादा आहे. वर्गात गप्प राहणाऱ्या किंवा परीक्षेच्या दिवशी पोटदुखीची तक्रार करणाऱ्या मुलाकडे आळशी वा खोडकर म्हणून न पाहण्याची दृष्टी शिक्षकाला लाभणे, हेच येथे क्षमता-निर्मितीचे मर्म होय.

धोरण आणि वास्तव :
तज्ज्ञाकडे पाठवावयाचे तर तज्ज्ञ आवाक्यात हवा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. जिल्हा कार्यक्रमाचा आरंभ मात्र १९९६ साली व तोही चारच जिल्ह्यांत झाला. २०२० साली शालेय आरोग्य कार्यक्रमाखाली प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांकडे आरोग्यदूताचे काम सोपविण्याची योजना आली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावेत आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश दिले. कोठारी आयोगाने जे अंतिम ध्येय मानले, त्यासाठी सुमारे साठ वर्षांनंतर न्यायालयास निर्देश द्यावे लागले, ही बाब विचारप्रवर्तक आहे.

निष्कर्ष :
शिक्षक व समुपदेशक हे परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत, हे या इतिहासातून स्पष्ट होते. समुपदेशकाविना प्रशिक्षित झालेला शिक्षक मुलाचे दुःख ओळखतो, पण पुढे हतबल होतो. उद्बोधित शिक्षकाविना नेमलेल्या समुपदेशकाकडे मूल पोहोचतच नाही. त्यामुळे प्रशिक्षणवर्गांची संख्या हा क्षमतेचा निकष ठरू शकत नाही. शिक्षकाला मुलाशी बोलण्यास वेळापत्रकात अवकाश आहे काय आणि त्याने पाठविलेल्या मुलाला कोणी स्वीकारणारे आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच ती जोखली पाहिजे. बी.एड. अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांवर या संदर्भात विशेष जबाबदारी येते.