रानातील बार

शिंदे सरकारांचे शिकारीचे रान म्हणून शिवपुरीचे नाव आमच्या ग्वाल्हेरकर घरांतून अजून निघते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्याकडे रान आणि बंदूक यांची फारकत होत गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत मात्र सामान्य नागरिक आजही निशाण मांडून नेमबाजी करू शकतो.

या मोकळिकीला बंधने आहेत. तेथील वनखाते १९०५ साली स्थापन झाले. त्याच्या नियमाप्रमाणे घर, इमारत वा तळापासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. निशाणामागे गोळी अडवणारा मातीचा चढ हवा, झाडावर नेम धरू नये आणि रिकामी काडतुसे उचलून न्यावीत, ही तेथील रीत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-दारूगोळ्यावरील कर वन्यजीवांकडे वळवला. पुढे त्यातूनच नेमबाजीची मैदानेही उभी राहिली. ही योजना आम्हांस शहाणपणाची वाटते.

खरे भय आगीचे. २३ एप्रिल २०१७ रोजी ॲरिझोनात एका सीमारक्षकाने, कामावर नसताना, होणारे मूल मुलगा की मुलगी हे जाहीर करण्यासाठी रंगीत भुकटीचे स्फोटक निशाण उडवले. (आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग जाणून घेणेच निषिद्ध!) गवत पेटले, वाऱ्याने आग कोरोनाडो राष्ट्रीय वनात शिरली आणि सुमारे ४७,००० एकर भूमी होरपळली. त्याने गुन्हा कबूल केला. भरपाई ठरली ८० लाख डॉलरांहून अधिक, तीही हप्त्याहप्त्याने फेडायची.