दगडांत कोरलेलें नगर : मातेरा

दक्षिण इटलीच्या बासिलिकाता प्रांतांत ग्राव्हीना ओढ्याच्या खोल दरीवर मातेरा नांवाचें प्राचीन नगर वसलेलें आहे. रोमची यात्रा करणारे आमचे धर्मबंधु इतक्या दक्षिणेस सहसा जात नाहींत. पण जावें, असें आम्हांस वाटतें. येथील मऊ चुनखडीचा दगड कोरून माणसानें फार प्राचीन काळापासून आपला निवारा केला. या वस्तीस ‘सास्सी’, म्हणजे ‘दगड’, असेंच म्हणतात. सास्सो काव्हेओसो व सास्सो बारिझानो हे तिचे दोन भाग असून मधल्या उंचवट्यावर तेराव्या शतकांतील कॅथेड्रल उभें आहे. खालच्या घराचें छप्पर हीच वरच्या घराची वाट. पावसाचें पाणी चरांवाटे खडकांतील टांक्यांत सांठविण्याची जुनी योजना पाहून तर आम्ही थक्क झालों.

नगरांत व आसपासच्या कड्यांत दीडशेंच्या वर देवळें खडकांत कोरलेलीं आहेत. त्यांपैकीं संत लुसियेचें देऊळ आमच्या विशेष ध्यानांत राहिलें. हें मूळचें बेनेडिक्टाइन धर्मभगिनींचें. १२८३ सालीं त्या दुसऱ्या मठांत गेल्यावर तीन दालनांपैकीं एकांत उपासना चालू राहिली आणि उरलेल्या दोहोंत पुढें लोकांनीं संसार थाटले. बाळ येशूस स्तनपान करणाऱ्या पवित्र मरियामाउलीचें जुनें चित्र या देवळांत आहे. चुलीच्या धुरानें देवळाचा मान गेला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो प्रभु गोठ्यांत जन्मला त्यास गरिबाचा शेजार कां नकोसा व्हावा? मात्र गोठ्याचें काव्य नाताळच्या रात्रीं ठीक. बारा महिने गोठ्यांत राहणारास तें विचारून पाहावें.

कारण लोकसंख्या वाढत गेली, तसतसे तबेले व कोरडीं टांकीं यांचींही घरें झालीं. एकाच अंधाऱ्या खोलींत आईबाप, मुलें, खेंचर व कोंबड्या राहत. हिंवतापानें व खुपऱ्यांनीं मुलें गांजलेलीं असत. फॅसिस्ट राजवटीनें या प्रांतांत हद्दपार केलेले लेखक कार्लो लेव्ही यांनीं १९४५ सालच्या आपल्या पुस्तकांत हें दैन्य जगापुढें मांडलें. १९५० सालीं पंतप्रधान दे गास्पेरी येथें येऊन गेले. १९५२ सालच्या कायद्यान्वयें सुमारें १५,००० लोकांस नव्या घरांत हलविण्याचें ठरलें व तें काम पुढें कित्येक वर्षें चाललें.

हें करणें भाग होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तरी गुहांबरोबर कांहीं दुसरेंही मागें राहिलें. सास्सींत कित्येक घरांचीं दारें एकाच सामाईक अंगणांत उघडत. पाणी, भांडण, बाळंतपण, मर्तिक, सारें त्या अंगणांतच होई. या शेजारास ‘व्हिचिनातो’ म्हणत. नव्या वसाहतींत उजेड व वारा मिळाला. परंतु असा शेजार कोणत्याही कायद्यानें बांधून देतां येत नाहीं. इकडे ओस पडलेल्या देवळांत चोरांनीं हात धुऊन घेतले.

१९८६ सालीं सास्सींच्या दुरुस्तीसाठीं निराळा कायदा झाला. १९९३ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत गणलें, आणि २०१९ सालीं मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. जी वस्ती पूर्वीं राष्ट्राची लाज म्हणून गणली गेली, तेथील गुहांत आतां प्रवासी मोठें भाडें देऊन झोंपतात. गरिबांना बाहेर काढून मग त्यांच्या घराचें कौतुक करावें, हें आम्हांस थोडें खटकलें.

सप्टेंबर २०२२ मध्यें इटलीची राष्ट्रीय युखरिस्त परिषद येथेंच भरली व २५ तारखेस पोप फ्रान्सिस यांनीं मिस्सा अर्पिली. भाकरीच्या चवीकडे परत वळूं या, असा परिषदेचा विषय होता. त्याची निवड या गांवास शोभणारी होती. पूर्वीं येथील बायका घरीं कणीक मळून सार्वजनिक भट्टींत पाव भाजावयास देत. आपला पाव ओळखूं यावा म्हणून प्रत्येक घराचा लांकडी ठसा असे. हे ठसे, घरधन्याच्या नांवाचीं आद्याक्षरें कोरलेले, अजून पाहावयास मिळतात.