मेक्सिको येथील १९६८ चें एक छायाचित्र

इ. स. १९६८ च्या आक्टोबरच्या १६ व्या तारखेस मेक्सिको शहरीं ऑलिंपिक सामन्यांतील दोनशें मीटर शर्यतीचा पदकदान-समारंभ झाला. ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार जॉन डॉमिनिस यांनीं त्या वेळीं टिपलेलें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. निकालाविषयीं वाद नाहीं : टॉमी स्मिथ (अमेरिका) १९.८३ सेकंद, हा नवा जागतिक उच्चांक. पीटर नॉर्मन (ऑस्ट्रेलिया) २०.०६, जॉन कार्लोस (अमेरिका) २०.१०. वाद आहे तो चित्राच्या अर्थाविषयीं. दोघां कृष्णवर्णीयांनीं ‘ब्लॅक पॉवर’ची सलामी दिली व सोबतचा गोरा गृहस्थ योगायोगानें तेथें होता, हा रूढ समज चित्रावर टिकत नाहीं.

जुन्या कागदाचा शिक्का व मायना आपण पाहतों, तशी येथें वेषभूषा पाहिली पाहिजे. स्मिथ व कार्लोस यांच्या पायांत जोडे नाहींत, केवळ काळे मोजे आहेत. तें स्वजनांच्या दारिद्र्याचें चिन्ह. कार्लोसच्या गळ्यांतील मणी जमावानें फांशीं दिलेल्यांच्या स्मरणार्थ होते. स्मिथचा उजवा हात वर, तर कार्लोसचा डावा. उजवा बळाचा व डावा ऐक्याचा, असें स्मिथनें पुढें मुलाखतींत सांगितलें. मूळ कारण मात्र साधें आहे. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता, आणि स्मिथचा एकच जोड दोघांनीं वांटून घ्यावा ही सूचना नॉर्मनची. अडचणींतून निघालेल्या कृतीस अर्थ मागाहून येऊन चिकटतो, हें बखरी वाचणारांस सांगावयास नको.

परंतु खरा पुरावा म्हणजे तिघांच्याही छातीवरील बिल्ला. तो हॅरी एडवर्ड्स यांनीं १९६७ सालीं उभारलेल्या, मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या ऑलिंपिक चळवळीचा होय. महंमद अलीचें अजिंक्यपद परत द्यावें, दक्षिण आफ्रिका व ऱ्होडेशिया यांना वगळावें, अॅव्हरी ब्रंडेज यांनीं अध्यक्षपद सोडावें, अशा तिच्या मागण्या होत्या. आपली सलामी मानवी हक्कांची होती, असें स्मिथनें २००७ च्या आत्मचरित्रांत लिहिलें, त्यास हा बिल्ला समकालीन आधार आहे. नॉर्मननें तो पॉल हॉफमन या अमेरिकन नौकापथकांतील गोऱ्या तरुणाकडून मागून घेतला होता. सबब तो प्रेक्षक नव्हे, सहभागी होता.

ब्रंडेज यांच्या आग्रहामुळें स्मिथ व कार्लोस यांची संघांतून व क्रीडाग्रामांतून हकालपट्टी झाली. (१९३६ सालीं बर्लिन येथें नाझी सलामीस याच गृहस्थांनीं हरकत घेतली नव्हती.) पदकें हिरावून घेतल्याची हकीकत मात्र निव्वळ दंतकथा, पदकें त्यांच्याकडेच राहिलीं.

नॉर्मनला १९७२ सालीं म्यूनिचला पाठविलें गेलें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिसभेनें २०१२ सालीं त्याची मरणोत्तर क्षमा मागितली. तेथील ऑलिंपिक समितीनें मात्र शिक्षेचा आरोप नाकारला. येथें दोन्ही पक्ष नोंदवून ठेवणें बरें. त्याचा २०.०६ चा राष्ट्रीय उच्चांक २०२४ पर्यंत अबाधित होता, ही गोष्ट कोणीहि नाकारीत नाहीं.

सॅन होजे येथील विद्यापीठांत २००५ सालीं या प्रसंगाचें शिल्प उभें राहिलें. त्यांत दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे. पाहणारानें तेथें स्वतः उभें राहावें, ही नॉर्मनचीच इच्छा. हें ठाऊक नसणारा भावी संशोधक त्या रिकाम्या जागेवरून भलतेंच अनुमान काढील. त्यानें आक्टोबर २००६ मधील नॉर्मनच्या अंत्ययात्रेचीं छायाचित्रें जवळ ठेवावीं. शवपेटिकेस खांदा देणारांत स्मिथ व कार्लोस आहेत.