मूकपटाची नायिका आणि लोकापवाद

लोकापवाद हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. परिटाच्या एका उद्गारावरून सीतेच्या वांट्यास वनवास आला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तिचा विचार करतां एक गोष्ट मनांत येते. लोकापवाद कोणीं उठविला हें विचारूं गेल्यास बोट दाखविण्यास कोणी सांपडत नाहीं. आणि ज्यानें प्रत्यक्ष निर्णय घेतला त्याला मात्र ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांआड उभें राहतां येतें. चिनी मूकपटांतील विख्यात नटी रुआन लिंगयू हिच्या अल्प आयुष्याकडे पाहिलें म्हणजे हीच गोष्ट विसाव्या शतकांत छापखान्याच्या व न्यायकचेरीच्या साहाय्यानें कशी घडून आली, हें दिसतें.

लिंगयूचा जन्म १९१० सालीं शांघाय शहरांत एका कँटोनी कामकरी कुटुंबांत झाला. बाप तिच्या लहानपणींच वारला. आईनें जांग नांवाच्या श्रीमंत घराण्यांत मोलकरणीचें काम पत्करलें आणि मुलीला शाळेंत घातलें. त्याच घराण्यांतील मुलगा जांग दामिन याच्याशीं लिंगयूचा स्नेह जडला. मोलकरणीची मुलगी सून म्हणून घरांत येणें शक्य नव्हतें. तेव्हां विधियुक्त विवाहावांचूनच ती त्याच्यासह राहूं लागली. दामिनला जुगाराचें व्यसन होतें, त्यामुळें संसाराचा भार लौकरच तिच्यावर पडला. १९२६ सालीं ती मिंगशिंग कंपनींत दाखल झाली व पुढल्या वर्षीं तिचा पहिला चित्रपट लोकांपुढें आला. त्याचें नांव, योगायोगानें, ‘नांवापुरतें दांपत्य’ असें होतें.

तिची खरी कीर्ति १९३० नंतरची. त्यापूर्वीं शांघायच्या पडद्यावर तलवारबहादुरांचा व अद्भुत चमत्कारांचा सुकाळ होता. नव्यानें निघालेल्या ल्येनह्वा कंपनीनें सुशिक्षित प्रेक्षकांस रुचतील अशा सामाजिक कथा हातीं घेतल्या, आणि सुन यू, बू वानत्सांग यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या हाताखालीं लिंगयूच्या अभिनयाला योग्य क्षेत्र लाभलें. १९३१ सालच्या ‘प्रेम आणि कर्तव्य’ या चित्रपटांत तिनें एकाच स्त्रीचा तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास रंगविला, आणि त्या स्त्रीच्या मुलीची भूमिकाही स्वतःच केली. हा चित्रपट नष्ट झाला असें बरींच वर्षें समजत होते. पुढें त्याची एक प्रत दूरच्या उरुग्वे देशांत सांपडली.

तिची सर्वोत्तम कृति मात्र १९३४ सालची. वू योंगगांग या तरुण दिग्दर्शकाच्या या पहिल्याच चित्रपटाचें नांव ‘शन्-न्यू’. चिनी भाषेंत या शब्दाचे देवी आणि वारांगना असे दोन्ही अर्थ होतात. एक अनाम माता रात्रीं देहविक्रय करून आपल्या मुलाला शिकवीत असते. शाळेंतील इतर पालकांत कुजबुज सुरू होते आणि मुलाला शाळेंतून काढून टाकण्यांत येतें. एकटा वृद्ध मुख्याध्यापक तिची बाजू घेतो व राजीनामा देऊन मोकळा होतो. तिचे पैसे लुबाडणाऱ्या जुगाऱ्याचा तिच्या हातून वध होतो आणि तिला बारा वर्षांची सजा लागते. या सर्व कथेंत लिंगयूनें कोठेंही आक्रोश केलेला नाहीं. शाळेच्या समारंभांत मुलगा गाऊं लागतो तेव्हां आईच्या मुखावर फुललेला अभिमान, आणि शेजारच्या बायकांची कुजबुज लक्षांत येतांच त्याच मुखावर पडलेली छाया, एवढ्यांत तिनें सर्व कांहीं सांगितलें आहे.

त्यानंतरचा ‘नव्या स्त्रिया’ हा चित्रपट १९३५ च्या आरंभीं प्रदर्शित झाला. आय श्या या नटीनें व लेखिकेनें १९३४ सालीं आत्महत्या केली होती, आणि मरणोत्तरही वर्तमानपत्रांनीं तिची नालस्ती केली होती. त्या हकीकतीवर त्साय छूशंग यानें हा चित्रपट रचला. त्यांतील नायिकेची अब्रू एक बातमीदारच चव्हाट्यावर मांडतो. शांघायचे पत्रकार संतापले. कंपनीला कांहीं भाग कापावा लागला व माफीही मागावी लागली. ज्या नटीनें ती नायिका साकारली, तिच्यावर मग पत्रकारांची दृष्टि वळली.

त्यांस निमित्तही आयतेंच मिळालें. लिंगयूनें दामिनपासून फारकत घेऊन त्याला दरमहा १०० युआन देण्याचा करार केला होता, आणि ती तांग चीशान या चहाच्या धनाढ्य व्यापाऱ्याबरोबर राहत होती. पैशास चटावलेल्या दामिननें दोघांविरुद्ध फिर्याद गुदरली. वर्तमानपत्रांना रोजचा मजकूर मिळाला. ९ मार्चला तिला न्यायालयांत उभें राहावयाचें होतें. ८ मार्च १९३५ रोजीं, जागतिक महिलादिनीं, तिनें आत्महत्या केली. वयाचीं पंचवीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. प्रेतयात्रेस लाखांवर माणसें लोटलीं असें सांगतात. तिच्यावरील मजकूर चवीनें वाचणारे त्यांत किती असतील, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

तिचीं म्हणून जीं पत्रें तांगकडून बाहेर आलीं, त्यांत ‘लोकांची वाणी भयंकर आहे’ अशा अर्थाचें वचन होतें, आणि तेंच तिचा अखेरचा शब्द म्हणून सर्वत्र रूढ झालें. लू शुन या थोर साहित्यिकानें त्याच वर्षीं यावर निबंध लिहिला. बलवानांपुढें नमणारीं वर्तमानपत्रें दुबळ्या माणसापुढें मात्र पुरेशीं बलवान असतात, असा त्याचा मथितार्थ होता, आणि तो यथार्थ आहे. परंतु त्याच वर्षीं एका लहानशा पत्रांत तिच्या नांवाचीं निराळींच पत्रें छापून आलीं. त्यांत लोकापवादाचें नांवही नव्हतें. दामिनचा लोभ आणि तांगनें केलेली मारहाण यांचा स्पष्ट उल्लेख होता. पहिलीं पत्रें तांगनें दुसऱ्याकडून लिहवून घेतलीं, असाही आरोप झाला. कोणतीं पत्रें खरीं, याविषयीं अभ्यासकांत आजही एकमत नाहीं.

आमच्या मतें या वादाचें महत्त्व पत्रांच्या खरेखोटेपणापुरतें नाहीं. दोन पत्रांत दोन निराळे अपराधी आहेत. पहिल्यांत अपराधी सर्व जग. म्हणजे व्यवहारतः कोणीच नव्हे. दुसऱ्यांत दोन पुरुष, नांवनिशीसह. जगानें पहिलें पत्र उचललें, कारण तें सोयीचें होतें: शोक करतां येत होता, आणि उत्तर कोणालाच द्यावें लागत नव्हतें. वर्तमानपत्रांचा दोष आम्ही कमी लेखीत नाहीं. पण एका बाईच्या मिळकतीवर जगून तिलाच न्यायालयांत खेंचणारा, आणि घराच्या चार भिंतींआड तिच्यावर हात उचलल्याचा ज्यावर आरोप आहे तो, या दोघांना ‘लोकां’च्या गर्दींत मिसळून जाऊं देणें म्हणजे मृत स्त्रीवर दुसरा अन्याय करणें होय.

लिंगयूचे संवाद पडद्यावरून कधींच ऐकूं आले नाहींत. बोलपटांचें युग चीनमध्यें रुजण्यापूर्वींच ती गेली. मरणानंतर तिच्या तोंडीं इतरांनीं आपापलीं वाक्यें घातलीं. अशा स्थितींत तिची निःसंशय साक्ष म्हणजे वांचून राहिलेले तिचे मोजके चित्रपट. ‘शन्-न्यू’मधील माता तुरुंगांत बसून मुलाच्या उज्ज्वल भवितव्याचें चित्र मनांत रंगविते, आणि त्याला आपली ओळख कळूं नये अशीच इच्छा धरते. तें दृश्य पाहणाऱ्याला पत्रांचा वाद क्षणभर विसरावयास होतो, आणि ही बाई कोण होती हें कोणास विचारावें लागत नाहीं.