संकेत आणि संकेतभंग

ठरीव साच्यातल्या कथेला दुय्यम लेखण्याची समीक्षेची सवय जुनी आहे. रहस्यकथेचा इतिहास मात्र वेगळे सुचवतो. १८८७ साली कॉनन डॉयलने होम्सची कथा वॉटसनच्या मुखी घातली आणि प्रामाणिक सोबती-निवेदकाचा संकेत रुजला. १९२६ साली अगाथा ख्रिस्तीने ‘द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड’मध्ये निवेदकालाच खुनी ठरवले. तो धडधडीत खोटे बोलत नाही. मोक्याचे तेवढे गाळतो. अनेकांना ती फसवणूक वाटली. १९२९ साली रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यांत वॉटसनने मनातले विचार लपवू नयेत, हाही एक होता. पण जवळजवळ चार दशके जोपासलेला तो विश्वास नसता, तर ख्रिस्तीच्या धक्क्याला बळ कुठून आले असते? संकेत हा वाचकाशी झालेला अलिखित करार असतो; जिथे करारच नाही, तिथे भंगालाही अर्थ नाही.