दर्शन आणि प्रदर्शन : पिलू पोचखानवाला यांच्या कार्याच्या निमित्ताने

‘दर्शन’ आणि ‘प्रदर्शन’ हे दोन्ही शब्द ‘दृश्’ या एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत. परंतु मराठीत त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. मूर्तीचे दर्शन घेतात, शिल्पांचे प्रदर्शन भरवितात. वऱ्हाडात लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरील शिल्पे ही भिंतीचीच अंगे होत; अमरावती-अकोल्याच्या चौकांतील पुतळ्यांना थोरांच्या स्मृतीचा आधार आहे. आधुनिक शिल्पाला यांपैकी कोणताच आधार नसतो. ते कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न त्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न होतो. या दृष्टीने पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांचे चरित्र उद्बोधक आहे.

मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या पोचखानवाला यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली व जाहिरातीच्या व्यवसायात काम केले. १९५१ च्या युरोपप्रवासानंतर त्या शिल्पकलेकडे वळल्या आणि ना. ग. पानसरे यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. पानसरे यांची मुंबईतील ‘न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स’ इमारतीवरील उत्थित शिल्पे वास्तूशी एकजीव झालेली आहेत. शिष्येने मात्र लाकूड, सिमेंट, शिसे व सांधलेले भंगार लोखंड यांतून घडविलेली शिल्पे कोणत्याही भिंतीची आश्रित नव्हती. मानवाकृतीपासून आरंभ करून त्या अमूर्ताकडे गेल्या.

अशा शिल्पांना कलादालन हवे. १९५२ साली जहांगीर कलादालन उघडल्याने मुंबईच्या कलावंतांची मोठी सोय झाली. तथापि दालनातील प्रदर्शन काही दिवसांचे असते, संग्रहालयातील जागा स्थायी असते. चित्र गुंडाळून नेता येते. लोखंडाचे शिल्प तसे हलत नाही. साठोत्तर काळात मुंबईच्या कलामहोत्सवाच्या आयोजनात अग्रभागी असलेल्या पोचखानवाला यांना ही उणीव जाणवली असल्यास नवल नाही. १९११ साली बांधलेले सर कावसजी जहांगीर सभागृह पुढे मुष्टियुद्धाचे सामने, लग्नसमारंभ व विक्रीप्रदर्शने यांसाठी भाड्याने दिले जाऊ लागले होते. ते आधुनिक कलेचे संग्रहालय व्हावे म्हणून केकू गांधी यांच्यासमवेत त्यांनी प्रयत्न केले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा तेथे १९९६ साली उघडली. त्या वेळी त्यांच्या निधनास दहा वर्षे झाली होती.

पुढील पिढीतील मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचा जन्मही मुंबईचाच. दोरांच्या गाठींतून त्यांनी उभारलेल्या भव्य आकृतींचे सिंहावलोकनपर प्रदर्शन २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरविले. दोरकाम ही हस्तकला की शिल्प, या वादाचे उत्तर अशा प्रदर्शनांनी व्यवहारात दिले.

यावरून असे दिसते की, संग्रहालय केवळ कलाकृती जतन करीत नाही. कशाला शिल्प म्हणावयाचे हेही ठरविते. म्हणून प्रदर्शनांच्या इतिहासात मांडलेल्या कृतींबरोबर, त्या मांडण्यास जागा मिळवून देणाऱ्यांचीही नोंद होणे अगत्याचे आहे. पोचखानवाला यांचे स्थान या दोन्ही नोंदींत आहे.